उत्तरभागाची प्रतीक्षा आणि समीक्षकांचा कौल

एखाद्या कलाकृतीचा पूर्वभाग लोकांच्या मनात भरला, की तिच्या उत्तरभागाची वाट पाहिली जाते; आणि वाट जितकी दीर्घ, तितकी उत्तरभागाची परीक्षा कठीण होत जाते. हा अनुभव आजचा नाही. आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने रामाच्या पूर्वचरित्रावर ‘महावीरचरित’ आणि पुढील चरित्रावर ‘उत्तररामचरित’ अशी दोन नाटके लिहिली, आणि रसिकांनी अधिक मान दिला तो उत्तरभागालाच. भवभूतीचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे. आणि त्याचे ‘मालतीमाधव’ ज्या पद्मावती नगरीत घडते, ती म्हणजे आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातील पवाया, असे विद्वान मानतात. महाराष्ट्र आणि ग्वाल्हेर यांचा हा धागा मराठेशाहीहूनही जुना म्हणावा लागेल. त्याच नाटकाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपली अवहेलना करणाऱ्या टीकाकारांना उत्तर दिले आहे. कलावंत, त्याचा समीक्षक आणि वाट पाहणारा रसिक, हे त्रिकूट किती पुरातन आहे ते यावरून ध्यानात यावे.

आज या त्रिकुटापुढे एक नवी कला उभी आहे. ती म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचा व्हिडिओ गेम. वार्षिक अंकात गेमवर लेख कशासाठी, असे काही पालकांना वाटेल. परंतु ज्या घरात शाळकरी मुले आहेत, त्या घरात हा विषय रोजच निघतो. मोठ्या गेमसाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. आणि त्याहून मौल्यवान असे कित्येक तास त्यात खर्च होतात. अशा वेळी ‘सगळे म्हणतात म्हणून’ घेणे आणि ‘काही ऐकूनच न घेता’ नाकारणे, दोन्ही सारखेच अविचाराचे. समीक्षकांचा कौल कसा तयार होतो, तो कितपत मानावा आणि कोठे तपासून घ्यावा, एवढे समजले तरी पुष्कळ. म्हणून ज्यांची वर्षानुवर्षे वाट पाहिली गेली अशा काही गेमांच्या स्वागताची हकीकत येथे पाहू.

प्रथम एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. अशा गेमांना ‘ओपन वर्ल्ड’ म्हणजे मुक्त विश्वाचे खेळ म्हणतात. साध्या खेळात वाट एकच असते: पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. मुक्त विश्वात मात्र एक विस्तीर्ण प्रदेश खेळाडूपुढे मांडून ठेवलेला असतो, आणि कोठून निघावे, कोणीकडे वळावे, हे त्याने ठरवावयाचे असते. आपला ग्वाल्हेरचा किल्लाच उदाहरणादाखल घेऊ. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाने पायी चढणाऱ्यास प्रथम गुजरी महाल दिसतो, मग चढावर कातळात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते आणि हत्तीपोळीशी मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल सामोरा येतो. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वाहनातून येणाऱ्यास कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसतात; पण चतुर्भुज मंदिर त्याच्या वाटेवर येतच नाही. किल्ला एकच, परंतु दोघांनी पाहिलेला किल्ला निराळा. मुक्त विश्वाच्या खेळाची मौज यात आहे, आणि त्याच्या समीक्षणाची अडचणही यातच आहे. कारण दोन समीक्षक एकच गेम खेळूनही दोन निरनिराळे अनुभव घेऊन परततात.

या प्रकारच्या रचनेचे काही स्वाभाविक दोष आहेत. प्रदेश मोठा केला, की तो भरावयाचा कशाने हा प्रश्न येतो. मग तेच ते शत्रू आणि तीच ती कामे ठिकठिकाणी पेरली जातात. शिवाय खेळाडू मनास येईल तिकडे भटकत असल्याने कथेची पकड सैल होते; कथानकात राजकन्या संकटात असते आणि नायक मात्र मासे पकडीत बसलेला असतो. म्हणून समीक्षक पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हे विश्व नुसते मोठे आहे की भरलेलेही आहे?

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. जपानच्या निन्टेन्डो या कंपनीच्या ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा गेम ३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. समोर दिसणारा कोणताही डोंगर चढून जाण्याची मोकळीक त्याने खेळाडूस दिली, आणि मुक्त विश्वाच्या खेळांत तो एक नवा मापदंड ठरला. २०१९ च्या जून महिन्यात त्याच्या उत्तरभागाची घोषणा झाली. २०२२ साली तो येईल असे सांगण्यात आले. पण त्या वर्षीच्या मार्चमध्ये, अजून वेळ लागेल, असे निर्माते एइजी आओनुमा यांनी जाहीर केले. अखेर १२ मे २०२३ रोजी ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या नावाने तो लोकांच्या हाती पडला. पूर्वभागापासून सहा वर्षे लोटली होती.

उत्तरभाग लिहिणाऱ्यापुढे नेहमी एक पेच असतो. फार बदलावे, तर पूर्वीचे चाहते दुरावतात; फार थोडे बदलावे, तर ‘जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली’ असा आक्षेप येतो. येथे तर पेच अधिक बिकट होता. कारण नवा गेम पूर्वीच्याच हायरूल नामक भूमीवर घडत होता. ज्या वाटा खेळाडूंना तोंडपाठ होत्या त्यांवरून त्यांना पुन्हा कसे चालवावे? दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दोन प्रकारे दिले. जुन्या भूमीच्या वर त्यांनी आकाशातील बेटे रचली आणि खाली अंधाराने भरलेले विस्तीर्ण पाताळ खोदले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नायकास नव्या शक्ती दिल्या. एका शक्तीने फळ्या, चाके, पंखे एकमेकांस जोडून गाडी, होडी किंवा विमान तयार करता येते. दुसरीने हातातील शस्त्रास दगड वा शिंग जोडून त्याची धार वाढविता येते. तिसरीने छतातून आरपार वर जाता येते. चौथीने वस्तूची गती उलटी फिरविता येते. पूर्वभागात शस्त्रे फार लवकर मोडतात अशी अनेकांची तक्रार होती. शस्त्रे याही वेळी मोडतातच. पण मोडणे हे नवे काही जोडण्याचे निमित्त होऊन बसले. टीका ऐकून उणीव नुसती झाकण्याऐवजी तिचेच साधन कसे करावे, याचा हा चांगला नमुना आहे.

समीक्षकांनी या उत्तरभागाचे स्वागत अतिशय उत्साहाने केले. विविध परीक्षणांतील गुणांची सरासरी शंभरात ९६ च्या घरात गेली. एकाच अडचणीतून दहा खेळाडू दहा वाटांनी बाहेर पडतात आणि गेम त्या दहाही वाटा मान्य करतो, हा गुण बहुतेकांनी अग्रभागी ठेवला. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी प्रती खपल्या. तरीही जाणत्या परीक्षणांत उणिवांची नोंद होतीच. ज्या यंत्रावर हा गेम चालतो ते २०१७ सालचे असल्याने गर्दीच्या प्रसंगी चित्र अडखळते; बटनांची संख्या आणि त्यांचा मेळ नवख्याला गोंधळात टाकतो; पाताळाचा प्रदेश काहींना एकसुरी वाटला. उत्तम गुण देणाऱ्यानेही दोष लिहून ठेवावेत, हा समीक्षेचा धर्म येथे पाळला गेला. त्याच वर्षाअखेरच्या ‘गेम अवॉर्ड्स’ समारंभात मात्र सर्वश्रेष्ठ गेमचा मान ‘बाल्डर्स गेट ३’ या दुसऱ्याच उत्तरभागाला मिळाला. खपाचा आकडा, गुणांची सरासरी आणि पुरस्कार ही तीन निरनिराळी मापे आहेत, हे यावरून दिसून येईल.

दीर्घ प्रतीक्षेचा शेवट असा गोडच होतो असे नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३’ हा गेम २०१५ साली गाजला होता. याच संस्थेने २०१२ साली ‘सायबरपंक २०७७’ या मुक्त विश्वाच्या खेळाची घोषणा केली होती. हा काही उत्तरभाग नव्हे. परंतु प्रतीक्षा मात्र कोणत्याही उत्तरभागास लाजविणारी होती. २०२० या एका वर्षात त्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि १० डिसेंबर २०२० रोजी तो आला. प्रसिद्धीपूर्वीची परीक्षणे बरीच अनुकूल होती. परंतु समीक्षकांना आधी मिळालेल्या प्रती शक्तिमान संगणकावर चालणाऱ्या होत्या, आणि स्वतः टिपलेली चलच्चित्रे दाखविण्याची मुभा त्यांना नव्हती. घरोघरच्या जुन्या प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यंत्रांवर गेम लावला गेला तेव्हा तो अडखळू लागला, मधेच बंद पडू लागला. ओरड इतकी झाली, की आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला व ग्राहकांना पैसे परत देऊ केले. २०२१ च्या जूनमध्ये तो पुन्हा विक्रीस आला. पुढे दुरुस्त्या होत होत २०२३ साली त्याचे रूप इतके पालटले, की टीकाकारांनीही नव्याने दखल घेतली.

येथे समीक्षक खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. परंतु जे पाहिले नाही, ते पाहिलेले नाही, असे ठळक अक्षरांत सांगणे हेही समीक्षकाचे काम असते. परीक्षण वाचताना आपणही पहिली चौकशी ही करावी, की लेखकाने गेम कोणत्या यंत्रावर, किती तास आणि शेवटपर्यंत खेळून पाहिला काय? पन्नास-पन्नास तास पुरणारा गेम परीक्षकाच्या हाती पुष्कळदा थोडेच दिवस आधी पडतो. घाईने पाहिलेला किल्ला आणि निवांतपणे पाहिलेला किल्ला यांत जो फरक, तोच येथे.

आता आकड्यांविषयी. चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि देवासाठी रोज ५० पुष्पमाला असे आकडे कोरलेले आहेत, आणि त्यांतील शून्यासाठी हे मंदिर जगभर ओळखले जाते. त्या शिलालेखात आकडा मोजतो तो बागेची लांबी आणि माळांची संख्या. पण रसिकतेचे मोजमाप आकड्याने कितपत व्हावे? २००१ साली सुरू झालेले ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ अनेक नियतकालिकांची परीक्षणे गोळा करते, प्रत्येकाचे गुण शंभराच्या मापात बसविते, काहींना अधिक वजन देते आणि सरासरी काढते. सोय मोठी आहे; परंतु सरासरीचा स्वभाव गणिताच्या तासाला आपण शिकलेलाच आहो. दहा परीक्षकांनी प्रत्येकी ७ गुण दिले तर सरासरी ७. आणि पाच जणांनी ९ व पाच जणांनी ५ दिले तरी सरासरी ७च. पहिला गेम सर्वांना बेताचा वाटला. दुसरा निम्म्यांना फार आवडला आणि निम्म्यांना फारसा रुचला नाही. दोन्हींची जात निराळी, पण आकडा सारखाच!

हा आकडा पोटावरही येऊ शकतो. २०१० साली आलेला ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा मुक्त विश्वाचा पुढील भाग ऑब्सिडियन या संस्थेने बनविला. सरासरी ८५ झाली तर बक्षीस रक्कम मिळावयाची होती; सरासरी भरली ८४. एका गुणाने ती रक्कम हुकली, हे त्या संस्थेच्या एका प्रमुखाने २०१२ साली जाहीरपणे सांगितले. प्रारंभीच्या प्रतींत तांत्रिक दोष होते हे खरे, आणि समीक्षकांनी ते दाखविले यात त्यांचा अपराध नाही. परंतु पुढे त्याच गेमला मालिकेतील उत्तम भागांपैकी एक मानणारे पुष्कळ निघाले. तात्कालिक गुण आणि काळाचा निर्णय यांत असे अंतर पडते. कारागिराचे वेतन मात्र तात्कालिक गुणांवर बांधलेले होते.

मग समीक्षक सोडून सामान्य खेळाडूंचेच मत का घेऊ नये? तेही घ्यावे, पण पारखून. २०२० च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमचा सात वर्षांनी आलेला दुसरा भाग प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली. परंतु पहिल्याच दिवशी हजारो लोकांनी त्यास शून्याच्या आसपास गुण दिले. गेम पुरा करावयास वीस तासांहून अधिक वेळ लागतो. मग इतक्या त्वरेने निर्णय देणाऱ्यांनी तो पाहिला केव्हा? ती परीक्षा नव्हती, रोष होता. त्यानंतर मेटाक्रिटिकने प्रसिद्धीनंतरचे पहिले ३६ तास सामान्यांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. आधी अनुभव, मग मत, ही साधी गोष्ट नियम करून सांगावी लागली.

आता आपल्या घराकडे येऊ. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची एक लहानशी संस्था आहे. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी ती स्थापन केली. त्यांचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी ही मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते, अशी ही कथा. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरील पुराणचित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांच्या धर्तीवर सांगितलेले प्रसंग, अशी त्याची मांडणी आहे. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या मंडळींचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि तीन वर्षांनी ते पुरे केले. ‘राजी’चे विश्व मुक्त नाही, त्याची वाट ठरलेली आहे. परंतु आपल्या भूमीतून निघून जगाच्या परीक्षेस बसलेला गेम म्हणून त्याचे महत्त्व आहे.

जगातील समीक्षकांनी त्याच्याविषयी काय म्हटले? चित्रे, संगीत आणि भारतीय पुराणकथांचा साज यांची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी २०२० च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला नामांकनही मिळाले. परंतु लढाईची हाताळणी अडखळणारी आहे, गेम अवघ्या काही तासांत संपतो आणि शेवट तर अर्ध्यावरच तुटल्यासारखा वाटतो, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. म्हणजे कौल संमिश्र होता.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही वृत्ती येथे डोके वर काढते. भारतीय मुलांनी केले आहे, तेव्हा उणे बोलू नये, असे अनेकांस वाटले असेल. आमच्या मते ही माया कलावंतास उपकारक नव्हे. ग्वाल्हेरकरांस हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. येथील गायकी अष्टांग गायकी म्हणून ओळखली जाते. जाणता श्रोता आलाप, तान, बोलतान, मींड, गमक अशी अंगे वेगवेगळी पारखतो आणि शेवटी राग उभा राहिला की नाही हेही पाहतो. हीच गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली आणि तेथे ती रुजली. ती रुजली ती श्रोत्यांनी सवलत दिली म्हणून नव्हे, तर कसास उतरली म्हणून. ‘राजी’च्या निर्मात्यांनीही तोच मार्ग धरला. २०२२ साली त्यांनी सुधारित आवृत्ती काढली. लढाईत सुधारणा केल्या, आणि मूळ गेममध्ये इंग्रजीत बोलणाऱ्या पात्रांना हिंदी आवाज दिले. २०२५ साली त्यांनी ‘राजी : कलियुग’ या नावाने उत्तरभागाची घोषणा केली. ज्यांच्या पूर्वभागावर अपुऱ्या शेवटाचा आक्षेप होता, त्यांनी उत्तरभाग हाती घ्यावा, याहून टीकेला अधिक समंजस उत्तर कोणते?

या सर्व हकीकतीतून समीक्षा वाचण्याचे काही नियम निघतात. आकडा शेवटी पाहावा, मजकूर आधी वाचावा. एकाच समीक्षकावर विसंबू नये. एक अनुकूल आणि एक प्रतिकूल अशी दोन परीक्षणे शेजारी ठेवावीत व दोघांनी कोणते एकच लक्षण निराळ्या नजरेने पाहिले ते शोधावे. पाताळाचा अंधार एकाला कंटाळवाणा वाटतो, दुसऱ्याला थरारक. तेव्हा आपली प्रकृती कोणती, हे आपणच ठरवावयाचे. प्रसिद्धीच्या दिवशीच्या जयघोषास भुलू नये. महिनाभर थांबल्याने गेम शिळा होत नाही, उलट त्याचे दोष दुरुस्त होतात आणि पुष्कळदा किंमतही उतरते. आणि पालकांनी ‘हा गेम वाईट’ असे म्हणण्यापूर्वी मुलांपाशी अर्धा तास बसून तो पाहावा. कारण न पाहता निर्णय देणारा मनुष्य घरातला असला तरी त्याची गणना त्या पहिल्या दिवशीच्या शून्यवाल्यांतच होईल.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की समीक्षा ही दूरदेशीच्या तज्ज्ञांची मक्तेदारी नाही. जो गेम तुम्ही खेळलात, तो का आवडला, कोठे कंटाळा आला, कोणते दृश्य लक्षात राहिले आणि शेवट पटला की नाही, हे चार प्रश्न स्वतःस विचारून त्यांची उत्तरे शुद्ध मराठीत एका पानावर लिहून पाहा. ‘भारी आहे’ आणि ‘बेकार आहे’ हे दोन शब्द वर्ज्य समजावेत. मग आपोआप कारणे शोधावी लागतील. पुण्याच्या राजीचा उत्तरभाग हाती घेताना तर हे अवश्य करा. आपल्या माणसांच्या कामाला आपण देऊ शकतो अशी उत्तम भेट म्हणजे, ते नीट पाहून दिलेले प्रामाणिक मत.